कुत्र्याचा विमा आणि म्हशीचा बिल्ला

साशंक : तू कुत्र्याचा विमा उतरवलास हे कळलं आणि मला आमची म्हैस आठवली. दुसऱ्या वेताची मुऱ्हा. बँकेच्या कर्जातून घेतलेली, म्हणून विमाही काढलेला. कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर आकडे. एकदा बाभळीतून जाताना तो बिल्ला कानाच्या पाळीसकट फाटून पडला. वडील म्हणाले, तालुक्याला जाईन तेव्हा कळवीन. जाणं झालं नाही, आणि पावसाळ्यात घटसर्पाने म्हैस गेली. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने शवविच्छेदन केलं, पंचनामा झाला, शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं : बिल्ला नाही, तर दावा नाही. जनावरांच्या विम्यात ही अट असतेच. आमच्या कागदावरही ती छापलेली होती, म्हणून फसवलं असं मी म्हणत नाही. पण वडील हप्ता भरत होते ते म्हैस मेली तर पैसे मिळावेत म्हणून. कंपनीने कबूल केलं होतं ते बिल्ला असलेली म्हैस मेली तर देऊ एवढंच. हा फरक आम्हाला म्हैस गेल्यावर कळला. कुत्र्याच्या बाबतीत तो तुला आधी कळला आहे का?

आग्रही : काही कळला, काही अजून कळायचा असेल. पण काका, मी विमा का घेतला ते आधी ऐका. गेल्या मे महिन्यात आमच्या शेरूने आंब्याची कोय गिळली. रस काढून कोयी बाजूला ठेवल्या होत्या, त्यांतली एक त्याने केव्हा उचलली ते कळलंही नाही. पहिल्या दिवशी उलट्या झाल्या, आम्हाला वाटलं ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनोग्राफीत आतड्यात अडकलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, आज रात्रीच पोट उघडावं लागेल. ऑपरेशन, भूल, चार दिवस तिथे ठेवणं, सगळं मिळून बासष्ट हजार झाले. ते गेले, त्याचं मला इतकं वाटत नाही. पण तीस हजार आधी भरा म्हणाले तेव्हा आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर येऊन उभे राहिलो, आणि ‘करायचं का?’ असं मी विचारलं. दोन वर्षांचा कुत्रा, एका ऑपरेशनने बरा होणारा, आणि मी ते विचारलं. हे पुन्हा माझ्या तोंडून निघू नये, एवढ्यासाठी पॉलिसी घेतली.

साशंक : तुझी तळमळ मला कळते. पण ती पायरी पॉलिसीने हटली का, ते बघू. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या पॉलिसी बहुतेक परतफेडीच्या असतात. बिल आधी आपण भरायचं, मग कागद पाठवायचे, मग पैसे खात्यात येणार. म्हणजे त्या रात्री काउंटरवर तीस हजार तुलाच मोजायचे आहेत. पायरीवर उभं राहणं चुकलं नाही. मग पहिली गरज हाताशी असलेल्या पैशांची झाली. महिन्याला हजार रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकलेस, तर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत एकाहत्तर हजारांच्या वर होतात. त्याला प्रतीक्षा काळ नाही, वगळलेल्या आजारांची यादी नाही, वयाची मर्यादा नाही. कुत्रा धडधाकट राहिला तर पैसे तुझेच.

आग्रही : पाच वर्षांनी. कोय गिळली तेव्हा शेरू दोन वर्षांचा होता, तेव्हा तुमच्या हिशेबाने ठेवीत पंचवीस हजार असते. आणि तेही काढता आले नसते, कारण पोस्टाचं आवर्ती खातं तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. वर्षभर भरलंत तर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं. पिल्लू पहिल्या दोन वर्षांतच सगळं तोंडात घालतं, जिन्यावरून पडतं, पार्वो होतो तोही बहुतेक तेव्हाच. शिल्लक सगळ्यांत कमी असते तेव्हा धोका सगळ्यांत जास्त असतो. शिवाय गंगाजळी एकदा रिकामी झाली की दोन महिन्यांनी पाय मोडला तर काय? पण परतफेडीचा तुमचा मुद्दा मी मान्य करते. मी आता बचत खात्यात चाळीस हजार शेरूच्या नावाने वेगळे ठेवलेत. ते त्या रात्रीसाठी, आणि विमा ते चाळीस हजार पुन्हा भरून यावेत यासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, हे मला पॉलिसी घेतल्यावर उमगलं.

साशंक : मग आता विचारतो, भरून येणार ते कशासाठी? पुण्यातला कुत्रा आजारी पडतो म्हणजे काय होतं? पावसाळ्यात गोचीड ताप येतो. कान वाहतो. कातडीला चट्टे पडतात. गोचीड तापात प्लेटलेट उतरतात, दर दोन दिवसांनी रक्त तपासायचं, तीन-चार आठवडे गोळ्या. सलाईन लावतात ती स्टीलच्या टेबलावर, दोन तास, तुझा हात त्याच्या मानेवर. मग पायाची सुई तशीच पट्टीत गुंडाळून घरी पाठवतात, उद्या पुन्हा या म्हणतात. असे सहा दिवस. पैसे पंधरा हजारांच्या पुढे जातात आणि कुत्रा एक रात्रही दवाखान्यात राहिलेला नसतो. तुझ्या पॉलिसीत ‘रुग्णालयात दाखल’ असा शब्द आहे ना? आमच्या बिल्ल्यासारखाच शब्द आहे तो.

आग्रही : आहे. आणि त्या शब्दावर मी दोन आठवडे घालवले. पहिल्या कंपनीला ईमेलने हेच विचारलं : दिवसा सलाईन लावून घरी पाठवलं, तर ते दाखल धरता का? उत्तर फोनवर आलं. मुलगी म्हणाली, हो मॅडम, सगळं कव्हर आहे. मी म्हटलं, लिहून द्या. लिहून आलं नाही. दुसऱ्या कंपनीने लिहून दिलं, की मूळ पॉलिसीत धरत नाही. बाह्यरुग्ण खर्चाचं जोड-संरक्षण घेतलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत मिळेल. तिचा हप्ता जास्त होता, तरी मी तिचीच घेतली, कारण तिचं ‘नाही’ कागदावर होतं. स्वस्त पॉलिसी शोधताना मी आधी हप्त्यांचा तक्ता केला होता. तो फाडून टाकला. नवा तक्ता केला त्यात कोय आणि गोचीड ताप हे दोनच रकाने ठेवले, आणि प्रत्येक पॉलिसीत त्या बासष्ट हजारांपैकी आणि त्या पंधरा हजारांपैकी माझ्या हाती किती येतील ते मांडलं. सुरुवातीची काही रक्कम आपली, वर काही टक्के आपले, ऑपरेशनला वेगळी कमाल मर्यादा. सगळ्यांत कमी हप्त्याची पॉलिसी त्यात सगळ्यांत महाग निघाली.

साशंक : हा तक्ता तू मला पाठव. पण अटी इथे संपत नाहीत. लसीचं काय?

आग्रही : ही बघा पुस्तिका. डॉक्टर लसीच्या बाटलीवरचं इवलंसं लेबल सोलून इथे चिकटवतात, त्यावर बॅचचा आकडा आणि मुदत. शेजारी सही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का, आणि पुढच्या डोसची तारीख. या पानावर बघा : लेबल आहे, तारीख आहे, सही नाही. गर्दीत राहून गेली असेल. रेबीजची लस, दोन वर्षांपूर्वीची. लस टोचलेली आहे, पण कागदाच्या दृष्टीने टोचलेली नाही. ज्या रोगांवर लस मिळते त्या रोगांचा दावा लस वेळेवर दिली असेल तरच मान्य होतो. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो, सगळे त्यात आले. आठ दिवस उशीर झाला तरी प्रश्न उभा राहू शकतो. मी जाऊन सही आणली. तुमच्या वडिलांना बिल्ल्याच्या अटीचं कोणी सांगितलं नव्हतं, काका. मला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तेही कोणी सांगितलं नाही. मी ते वाचून काढलं. वाचायला वेळ आणि शिक्षण लागतं, ते सगळ्यांकडे असतं असं नाही, हेही मला दिसतं. आणि अर्जात मी कोयीचं ऑपरेशन लिहिलं. एजंट म्हणाला, लिहू नका, कोण बघतं. मी लिहिलं, म्हणून त्या आतड्याच्या जागेशी संबंधित पुढचा त्रास पॉलिसीतून वगळला गेला. पण उद्या पाय मोडला, तर ‘माहिती दडवली’ म्हणून तोही दावा अडवायला जागा राहिली नाही.

साशंक : हे तू चांगलं केलंस. आता वयाचं बोलू, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. माणसाच्या आरोग्य विम्याला आजन्म नूतनीकरण आहे. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांहून जास्त थांबवता येत नाही, आणि पाच वर्षं सलग हप्ते भरले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण काढून दावा नाकारता येत नाही. हे नियम नियामकाने घालून दिलेत. कुत्र्याची पॉलिसी म्हणजे एक वर्षाचा करार. पुढच्या वर्षी कंपनी अटी बदलू शकते, पॉलिसीच बंद करू शकते. आणि नाही बंद केली, तरी दहाव्या वर्षाच्या आसपास ती आपणहून थांबते. ग्रेट डेनसारख्या थोराड जातींची तर त्याच्याही किती तरी आधी. हृदय, मूत्रपिंड, गाठी, सांधे, हे सगळं नेमकं त्यापुढे सुरू होतं. तरुणपणी हप्ते घेणारा म्हातारपणी दारात उभा राहत नसेल, तर त्याला भरवशाचा म्हणायचं कसं?

आग्रही : म्हातारपणाच्या बाबतीत तुमचं खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दहाव्या वर्षानंतर शेरूचं सगळं माझ्या खिशातून होणार हे धरूनच मी चालते, आणि ते बचत खातं त्यासाठी वाढवत ठेवते. पण म्हणून तिसऱ्या वर्षी गाडीखाली येणाऱ्या कुत्र्याला विमा नको, असं म्हणता येत नाही. आणि एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी डॉक्टरच सांगायचे, आता काही करता येणार नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय १९ व्या शतकापासून आहे, त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पिढ्यान् पिढ्या मुंबईतला माणूस आजारी जनावर तिथेच नेत आला. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाच मजली प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. करता येण्यासारखं आता खूप आहे. म्हणून ‘करायचं का?’ हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त वेळा पडणार, आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी जास्त पैशांचं असणार.

साशंक : आणि पैसे देणारा तिसरा आहे म्हटल्यावर उत्तर आणखी महाग होणार. स्वीडनमध्ये कुत्र्याचा पहिला विमा १९२४ सालचा. ब्रिटनमध्येही विमा चांगला रुळला आहे. त्याच ब्रिटनमध्ये २०२३ साली स्पर्धा प्राधिकरणाला प्राण्यांच्या दवाखान्यांच्या बाजाराची तपासणी हाती घ्यावी लागली, कारण लोकांना दरच कळत नव्हते. विम्यामुळेच दर वाढले असं मी म्हणत नाही, तेवढं मला ठाऊक नाही. पण ‘इन्शुरन्स आहे का?’ हा प्रश्न माणसांच्या रुग्णालयात आधी विचारला गेला की बिल कसं वाढतं, हे आपण दोघांनी पाहिलं आहे.

आग्रही : पाहिलं आहे. म्हणून मी डॉक्टरांना विमा आहे हे आधी सांगत नाही. खर्चाचा अंदाज आधी लिहून मागते, पावत्या नीट घेते, औषधांची नावं आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेला केसपेपर मागते. चिठ्ठीवर नुसतं ‘इंजेक्शन, सलाईन, ३२००’ लिहिलेलं दाव्याला चालत नाही.

साशंक : आता माझ्या तांबूकडे ये. तो देशी. कोथरूडच्या एका रिक्षाच्या खाली सापडला, तेव्हा दीड-दोन महिन्यांचा होता. मृत्यूचं संरक्षण घेतलं तर कंपनी विचारते, बाजारभाव काय? लॅब्राडॉरची खरेदीची पावती असते. तांबूची पावती कोण देणार? विम्याचा पायाच भरपाई हा आहे, झालेलं नुकसान भरून काढायचं, त्याच्या वर नफा नाही. म्हणजे बाजारात ज्याला भाव नाही त्याचं नुकसानही नाही, असा अर्थ निघतो. मला तो अर्थ सहन होत नाही.

(हा मुद्दा मला स्वतःला फार लागतो, म्हणून लिहिणारा या नात्याने मध्येच एवढं बोलून घेतो : सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या पॉलिसी जनावरांच्या विम्याच्या वळणाच्या, मुख्यतः मृत्यूसाठीच होत्या. पुण्यातल्याच बजाज अलियान्झने २०२० मध्ये कुत्र्यांसाठी जी पॉलिसी आणली तिने, आणि पुढे इतर खासगी कंपन्यांनी, उपचारांच्या खर्चाला महत्त्व दिलं. देशी कुत्र्याच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण उपचारांचं बिल जात पाहून येत नाही.)

आग्रही : तांबूचा मृत्यूचा विमा काढूच नका, काका. तो गेला तर पैसे मिळून तुम्ही काय करणार? ती रक्कम हप्त्यातून कमी करा आणि उपचार, अपघात एवढंच घ्या. ते बाजारभावावर अवलंबून नसतं. ओळख मात्र पटवावी लागेल, आणि देशी कुत्र्यांत ती कठीण, तांबडे कुत्रे गल्लोगल्ली आहेत. चिप बसवा. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, हा कोणता कुत्रा आहे तेवढंच सांगते. काही कंपन्या चिप असली तर हप्त्यात सवलत देतात. आणि ती बाभळीत अडकून पडत नाही.

साशंक : ...चिपचं पटलं. आणि तो कोणाला चावला तर?

आग्रही : दुसऱ्याला झालेल्या इजेची नुकसानभरपाई देणारं संरक्षण मिळतं, मी घेतलं आहे. पण शिक्षेचा विमा नसतो. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. मुंबईत २०२३ मध्ये एका रॉटवायलरच्या मालकाला तेरा वर्षांपूर्वीच्या चाव्याबद्दल तीन महिन्यांची शिक्षा झाली होती. तिथे पट्टा आपल्या हातात धरावा लागतो, त्याला पर्याय नाही.

साशंक : शेवटचं. भरवसा मोजायचा कशावर? कंपनीच्या दावे मंजुरीच्या आकड्यांत मोटार आणि माणसांचं आरोग्य हेच भरलेलं असतं. कुत्र्यांचे दावे त्यात वेगळे दिसत नाहीत.

आग्रही : नाही दिसत. त्यामुळे मी दोनच गोष्टी बघितल्या. पैसे भरण्याआधी पूर्ण शर्तींचा कागद देतात का, आणि अवघड प्रश्नाला लेखी उत्तर देतात का. दावा अडला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. तुमच्या वडिलांना हा रस्ता माहीत असता तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणणार नाही. पण कोणीतरी त्यांचं म्हणणं समोर बसवून ऐकलं असतं.

साशंक : तेवढ्यानेही त्यांना बरं वाटलं असतं. तरी मी अजून तुझ्या बाजूला आलेलो नाही. इतकी वर्षं हप्ते भरून दहाव्या वर्षी एकटं पडायचं, हे मला अजून पटत नाही.

आग्रही : मलाही पटत नाही. मी ते माहीत असून घेतलं आहे, एवढाच आपल्यात फरक. तांबूचं वय किती, काका?

साशंक : जन्मतारीख कुठली असणार! आणला तेव्हा डॉक्टरांनी दात बघून अंदाजाने तारीख लिहिली, तीच पुस्तिकेत आहे. त्या हिशेबाने येत्या गुढीपाडव्याला सात पूर्ण होतील.

आग्रही : मी घेतलेल्या पॉलिसीत सात वर्षांपुढे नव्याने प्रवेश नाही. पाडव्याला पाच आठवडे उरलेत.